चवथीला गावच्या घरी मुलाचं निदान सांगावं का?

फोंड्याची आई:
मुलगा साडेतीन वर्षांचा. मे महिन्यात डॉक्टरांनी ऑटिझम म्हणजे स्वमग्नता सांगितली. नवरा म्हणतो, चवथीला गावी कुणाकडे बोलू नकोस. गेल्या वर्षी आरतीला घुमट (मातीचे ढोल) वाजायला लागले तसा पोर कान दाबून जो पळाला तो गोठ्यात गाईमागे सापडला. 'लाडावलाय' म्हणून सगळे मोकळे! यंदाही तेच ऐकायचं? मी म्हणते, सांगून टाकावं.

डिचोलीकर:
नवऱ्याचं बरोबर आहे. गाव लहान, एकदा शिक्का बसला की बसला. पुतण्याचं आम्ही सांगितलं, तर एक म्हणे देवाला कौल लावा, दुसरी म्हणे आईनंच मोबाईल दिला हातात. थेरपिस्टला सांगा, शाळेला सांगा, पुरे.

फोंड्याची आई:
मोबाईलचं न सांगताही ऐकतेच आहे.

म्हापशाची मावशी:
1950-60 च्या दशकात अमेरिकेतले नावाजलेले डॉक्टरसुद्धा म्हणत, आईची माया कमी पडली म्हणून मूल असं होतं. ते केव्हाच खोटं ठरलं, डिचोलीकरांच्या नातलगांपर्यंत पोचायचंय एवढंच. पण बाई, लगेच 'स्वीकारा, स्वीकारा' म्हणणाऱ्यांचंही ऐकू नका. माझ्या मुलीच्या वेळी मी दोन महिने नळ सोडून न्हाणीघरात रडले. रडून घ्या. कागद मात्र थांबवू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर 40 टक्के किंवा जास्त आलं तर 6 ते 18 वयापर्यंत शिक्षण मोफत. 'निरामय' या सरकारी आरोग्य विम्यात वर्षाला 1 लाखापर्यंत खर्च मिळतो, थेरपीचाही. लपवत बसलात तर हे राहून जातं.

डिचोलीकर:
कागद काढा, नको कोण म्हणतो? ते सरकारदरबारी. पंगतीत कशाला? उद्या पोर मोठं होऊन विचारेल, माझं सगळ्या गावाला का सांगितलंत?

मडगावचा बाबा:
नवऱ्याला एकटं पाडू नका हो. मी वर्षभर 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणत फिरलो. लाज नव्हती ती, भीती होती.

फोंड्याची आई:
डिचोलीकर, तुमचा तो प्रश्न लागला. पंगतीत नाही सांगणार. सासूबाईंना आणि मोठ्या जावेला, दोघींनाच, आधी फोन करीन.
आणि बाबा, काल एक पार्सल आलं. आवाज अडवणारे लहान मुलांचे हेडफोन, लाल रंगाचे. नवऱ्यानं मागवलेत, मला न सांगता. ते घालून पोर आरतीला बसलं की लोक विचारणारच. मी त्याला म्हटलं, काय सांगशील? म्हणाला, बघू.