पंधरा इंची टायर: मूळ मापाचे घ्यावेत की रुंद?

प्रश्न (मनीषनगर, नागपूर):
माझ्या गाडीला मूळचे 185/65 आर15 (रुंदी 185 मिमी, बाजूची उंची रुंदीच्या 65 टक्के, रिम 15 इंची) टायर आहेत. पुढचे दोन झिजले असून दुकानदार त्या जागी 195/65 सुचवतो. समृद्धी महामार्गावरून नेहमी जाणे होते, मात्र चारही टायर एकदम घेण्याची सध्या ऐपत नाही. काय करावे?

उत्तर १:
मूळ टायरचा व्यास 621.5 मिमी आहे, तर 195/65 चा 634.5 मिमी, म्हणजे सुमारे दोन टक्के अधिक. चारही टायर बदलले तर एवढा फरक एखादे वेळी खपेल, परंतु पुढे एक माप आणि मागे दुसरे ठेवल्यास चाकांच्या फेऱ्यांत कायमचा फरक पडतो आणि एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी) यंत्रणा तर त्याच फेऱ्यांवर विसंबून असते. दुकानदाराकडे कदाचित तेच माप पडून असावे!

उत्तर २:
दोनच घ्यायचे असल्यास मूळ मापाचे घ्या. मागचे टायर सुस्थितीत असतील तर ते पुढे आणून नवे मागे बसवा, कारण ओल्या रस्त्यावर मागची चाके घसरली की गाडी सावरणे कठीण होते. टायरच्या बाजूवरील चार अंकही पाहा. 1425 म्हणजे टायर 2025 सालच्या चौदाव्या आठवड्यात बनलेला.

उत्तर ३:
22 सप्टेंबर 2025 पासून टायरवरील जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आहे, त्यामुळे पक्के बिल मागा. बॅलन्सिंग, अलाइनमेंट आणि जुन्या टायरची वजावट धरूनच भाव विचारा. ‘विनाव्याज’ हप्त्यांत रोखीची सूट बहुधा मिळत नाही. तेच खरे व्याज.