एमआरआय स्वच्छ असला, तरी कूर्चा फाटलेली असू शकते
एमआरआय स्वच्छ आला, तरी चेंडू फेकताना खांद्यात खोलवर कळ येते आणि ‘कट्’ असा आवाज होतो, असे आपण लिहिले आहे. खांद्याच्या उथळ खोबणीभोवती कूर्चेची जी कडा असते, म्हणजे लॅब्रम, तिची फाट साध्या एमआरआयमध्ये निसटू शकते. म्हणून सांध्यात कॉन्ट्रास्ट द्रव्य टोचून केल्या जाणाऱ्या एमआर आर्थ्रोग्रामविषयी अस्थिरोगतज्ज्ञांना अवश्य विचारावे. मात्र आपल्यासारख्या पंचेचाळिशीतल्या माणसांच्या न दुखणाऱ्या खांद्यांतही अशी फाट पुष्कळदा आढळते, त्यामुळे केवळ अहवाल पाहून शस्त्रक्रियेची घाई करू नये, ही कळकळीची विनंती. खांदा कधी निखळलेला नसेल, तर आधी तीन-चार महिने खांद्याच्या आणि फऱ्याच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली नेटाने करावेत.