पगार चाळीस हजारांनी कमी, पण काम मनासारखे: दहेजची नोकरी सोडून मकरपुऱ्यात यावे का?

मांजलपूरकर

नमस्कार. मी रासायनिक अभियंता आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान विद्याशाखेतून, म्हणजे आपण बडोदेकर ज्याला अजूनही कलाभवन म्हणतो तिथून, पदवी घेतल्यावर गेली चौदा वर्षे मी कारखान्यांच्या उत्पादन विभागांतच काम केले आहे. सध्या भरूच जिल्ह्यातील दहेजच्या एका रासायनिक कारखान्यात आहे. पगार दरमहा 1,40,000 रुपये, मूळ वेतन त्याच्या निम्मे. कंपनीची बस सकाळी सव्वासहाला मांजलपूरच्या नाक्यावर येते, साडेआठला कारखान्यात पोहोचवते आणि संध्याकाळी साडेपाचला निघून पावणेआठला परत आणून सोडते. मुलगी नववीत आहे. ती दुपारी गणिताच्या वहीच्या पानांचे फोटो पाठवते आणि मी ते परतीच्या बसमध्ये भरूच येईपर्यंत तपासून टाकते, कारण त्यापुढे मला झोप आवरत नाही.

इथे बडोद्यातच, मकरपुऱ्यातील पस्तीस माणसांच्या एका सल्लागार संस्थेने मला प्रक्रिया-सुरक्षा विभागात बोलावले आहे. काम मुख्यतः हॅझॉप अभ्यासांचे, म्हणजे कारखान्यात कुठे काय बिघडून धोका होऊ शकतो हे पद्धतशीर तपासण्याचे आहे. गेली काही वर्षे मला याच कामाची ओढ आहे. कारखान्यात असा अभ्यास असला की मला दोन दिवस बैठकीत बसवतात, तिसऱ्या दिवशी मी पुन्हा टनांच्या हिशेबाला लागते. नवा पगार दरमहा 1,00,000 रुपये असून घरापासून स्कूटरने पंधरा मिनिटांचे अंतर आहे.

घराचा हप्ता 34,000 रुपये आहे. यजमान शाळेत शिक्षक आहेत. सासूबाईंना मधुमेह आहे, सासऱ्यांना दोन स्टेंट बसवलेले आहेत आणि दोघांचाही आरोग्य विमा माझ्या कंपनीच्या गट योजनेतून आहे. सध्याच्या कंपनीत मला चार वर्षे आठ महिने झाली. राजीनाम्यानंतर तीन महिने थांबावे लागते आणि नव्या संस्थेला मी तीन महिन्यांतच रुजू व्हायला हवी आहे. दरमहा चाळीस हजारांची तूट पत्करावी का, याबद्दल अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे.

जमाखर्च

ताई, सर्वप्रथम चाळीस हजार हा आकडा दुरुस्त करून घेऊ, कारण तो खरा नाही. मी करसल्लागार आहे आणि पगार कमी होण्याच्या भीतीत माणसे कर विसरतात, हे नेहमी पाहतो.

तुम्ही नव्या करपद्धतीत असाल असे धरतो. आज तुमचा वार्षिक पगार 16,80,000 रुपये आहे. त्यातून 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट गेली की 16,05,000 रुपयांवर कर लागतो आणि 2025-26 पासूनच्या टप्प्यांप्रमाणे तो उपकरासह 1,25,840 रुपये होतो. नव्या नोकरीत वार्षिक 12,00,000 रुपये येतील. वजावटीनंतर उरलेल्या 11,25,000 रुपयांवर, बारा लाखांपर्यंतच्या सवलतीमुळे, कर शून्य आहे. म्हणजे वर्षाची खरी तूट 4,80,000 नसून 3,54,160 रुपये, महिन्याला सुमारे साडेएकोणतीस हजार. भविष्यनिर्वाह निधीची कपात मूळ वेतनाच्या 12 टक्के असते. नवे मूळ वेतन 50,000 धरले तर तुमची कपात 8,400 वरून 6,000 होईल आणि हातातली तूट आणखी 2,400 रुपयांनी कमी दिसेल. मात्र मालकाचा वाटाही तेवढाच घटेल, त्यामुळे निधीत दरमहा 4,800 रुपये कमी साठतील. हा फरक आज जाणवत नाही, निवृत्तीच्या वेळी जाणवतो.

येथूनच एक उपयोगी गोष्ट निघते. पगारदाराला वार्षिक 12,75,000 रुपयांपर्यंत कर लागत नाही, म्हणजे दरमहा 1,06,250 रुपयांपर्यंत. तुम्ही संस्थेकडे पाच-सहा हजार वाढवून मागितले तर करापोटी त्यातला एक रुपयाही जाणार नाही.

याहून महत्त्वाची बाब तुमच्या प्रश्नात शेवटी आली आहे. चार वर्षे आठ महिने झालेली असताना आज राजीनामा दिलात तर चार वर्षे अकरा महिन्यांवर तुम्ही बाहेर पडाल. ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे नोकरी सोडताना सेवेबद्दल मालकाकडून मिळणाऱ्या रकमेसाठी, पाच वर्षे सलग सेवा लागते. चार वर्षे दोनशे चाळीस दिवस पुरेसे आहेत असा युक्तिवाद होतो, पण घरातील माणसाला मी त्याच्या भरवशावर राहू देणार नाही. अखेरचे मूळ वेतन 70,000, त्याचे सव्विसांश करून पंधरा पट आणि पाच वर्षे, असा हिशेब केला तर 2,01,923 रुपये होतात आणि तुमच्या बाबतीत ती रक्कम करमुक्त आहे. केवळ एका महिन्याच्या घाईपायी ती सोडू नका. रुजू होण्याची तारीख एक महिना पुढे मागा. जी संस्था त्यासाठी थांबू शकत नाही, ती पुढे तुमच्या कोणत्या अडचणीला थांबेल, याचाही विचार करावा.

निवृत्त प्रक्रियावाला

मी एकतीस वर्षे याच क्षेत्रात होतो, त्यांपैकी शेवटची बारा वर्षे हॅझॉप बैठका चालवण्यात गेली. पैशांबद्दल वर नेमके लिहिले आहे, म्हणून मी कामाबद्दल लिहितो, कारण खरा प्रश्न तिथे आहे.

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. टेबलावर कारखान्याचे पाइपिंगचे ड्रॉइंग पसरलेले असते. त्यातला एक तुकडा, समजा टाकीपासून रिअॅक्टरपर्यंतची नळी, रंगीत पेनाने आखून घेतात आणि मग ठरलेले शब्द एकेक करून त्या तुकड्याला लावतात: प्रवाह नाही, प्रवाह जास्त, प्रवाह उलटा, तापमान जास्त, दाब कमी. प्रत्येक वेळी हे कशाने घडेल, घडल्यास काय होईल आणि ते अडवायला आज काय आहे, हे तीन प्रश्न विचारायचे. असे दिवसच्या दिवस चालते. कंटाळवाणे वाटेल, पण एका बैठकीत उलट्या प्रवाहाची चर्चा संपत आली असताना कोपऱ्यात बसलेला ऑपरेटर म्हणाला, "साहेब, हा बायपासचा व्हॉल्व्ह रात्रपाळीत आम्ही उघडाच ठेवतो, नाहीतर पंप गरम होतो." ड्रॉइंगवर तो व्हॉल्व्ह बंद दाखवलेला होता. त्या एका वाक्यासाठी आम्ही मागची चार पाने पुन्हा लिहिली.

तो ऑपरेटर बोलला, कारण बैठक चालवणारी व्यक्ती रात्रपाळी केलेली आहे हे त्याला माहीत होते. तुमची चौदा वर्षे हीच तुमची किंमत आहे. सल्लागार संस्थांमध्ये नियम आणि सॉफ्टवेअर जाणणारी हुशार मुले पुष्कळ असतात, पण पंप का गरम होतो हे हातांनी अनुभवलेली माणसे फार थोडी. म्हणून तेथे उपकृत झाल्यासारख्या जाऊ नका.

या क्षेत्राला पुढे काम राहील का, अशी शंका तुम्हाला असेल. 1984 च्या भोपाळ दुर्घटनेनंतर 1987 मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांबद्दलचे प्रकरण आले आणि 1989 मध्ये घातक रसायनांचे नियम झाले. त्यांतील सुरक्षा अहवाल आणि आपत्कालीन योजना मोठ्या साठ्याच्या कारखान्यांना टाळता येत नाहीत. नंदेसरीपासून दहेजपर्यंतचा पट्टा पाहता काम आटणार नाही.

गोत्री रोड

निवृत्त काकांच्या लिहिण्याला माझ्या अनुभवाची एक कडू बाजू जोडतो. सहा वर्षांपूर्वी मीही 22 टक्के कमी पगारावर अशाच एका संस्थेत गेलो. मुलाखतीत सांगितले होते की अभ्यासांचे नेतृत्व करायचे आहे. पहिले आठ महिने मी बैठकीत नोंदी टंकत होतो आणि उरलेल्या वेळात निविदांची कागदपत्रे जुळवत होतो. एकदा तर जुना अहवाल देऊन कारखान्याचे नाव बदलायला सांगितले. मी नकार दिला, ते काम दुसऱ्याने केले. पगार कमी झाल्याचे दुःख मला फारसे झाले नाही, पण ज्या कामासाठी तो कमी करून घेतला ते कामच नव्हते, हे पचवायला फार जड गेले. दीड वर्षाने मी पुन्हा कारखान्यात परतलो.

म्हणून होकार देण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात अशी कळकळीची विनंती आहे. मागील वर्षी संस्थेने किती अभ्यास केले आणि त्यांचे नेतृत्व प्रत्यक्ष कोणी केले. तुम्ही नोंदी घेण्याच्या जागेवर किती महिने असाल. आणि अहवालावर सही कोणाची असेल. उत्तरे तोंडी गोड मिळतात. नियुक्तीपत्रात पदाचे काम लिहून घ्या. शक्य झाल्यास कारखान्याची संमती घेऊन त्यांच्या एखाद्या चालू बैठकीत एक दिवस बसू द्या, असे सांगा. मी ते केले असते तर माझी दीड वर्षे वाचली असती.

विश्वामित्रीकाठ

आमच्या घरी यजमानांनी नोकरी बदलण्यापूर्वी केलेला प्रयोग सांगते. या महिन्याचा पगार जमा होताच त्यातले साडेएकोणतीस हजार दुसऱ्या खात्यात टाका आणि त्याला हात लावू नका. असे तीन महिने करा. तुम्हाला तसेही तीन-चार महिने तिथे राहायचेच आहे. कुठे ओढाताण होते ते किराण्याच्या दुकानात आणि शाळेच्या फीच्या दिवशी आपोआप कळेल, आणि जी रक्कम साठेल ती पुढे उपयोगी पडेल.

विमावाला

ताई, सासू-सासऱ्यांच्या विम्याचा प्रश्न सुटेपर्यंत राजीनामा देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. तुम्ही कंपनी सोडली की गट योजनेतील त्यांचे संरक्षणही संपते. मात्र त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक योजनेत स्थलांतर मागता येते आणि गट योजनेत काढलेला काळ प्रतीक्षा काळात, म्हणजे जुन्या आजारांचा खर्च विमा देत नाही त्या सुरुवातीच्या काळात, धरला जातो. कंपनी प्रकृती पाहून निर्णय घेते, त्यामुळे अर्ज शेवटच्या दिवसापर्यंत लांबवू नका. अगदी नवी योजना घ्यावी लागली तर आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ 1 एप्रिल 2024 पासून जास्तीत जास्त 36 महिने आहे, पूर्वी तो 48 महिने होता. स्टेंट बसवलेल्या ज्येष्ठाच्या बाबतीत तीन वर्षे हा लहान काळ नव्हे. वैयक्तिक योजनेचा हप्ता कळला की तो साडेएकोणतीस हजारांत मिळवा, मगच तूट खरी किती ते ठरेल. नव्या संस्थेच्या गट योजनेत सासू-सासरे घेता येतात का, हेही विचारा. पुष्कळ ठिकाणी फक्त पती, पत्नी व मुले असतात.

मांजलपूरकर

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण विचारणा करून झाल्याशिवाय उत्तर देण्यात अर्थ नव्हता.

संस्थेने रुजू होण्याची तारीख एक महिना पुढे नेण्यास लगेच मान्यता दिली. पगार 1,05,000 रुपये केला आहे. मागील वर्षीच्या अभ्यासांची यादी दाखवली. त्यांचे नेतृत्व दोनच व्यक्ती करतात आणि त्यांपैकी एक येत्या वर्षी निवृत्त होत आहेत. पहिले चार महिने मी नोंदी घेईन आणि त्यानंतर स्वतंत्र बैठका चालवीन, असे पत्रात लिहून मिळाले. गेल्या शनिवारी रजा काढून नंदेसरीच्या एका बैठकीत बसले. दुपारी बाष्पाच्या नळीवर चर्चा चालू असताना मी न राहवून विचारले की ही नळी पावसाळ्यात बंद ठेवता का, आणि तिथल्या फोरमनने वही बाजूला ठेवून माझ्याकडे पाहिले. पुढचा पाऊण तास त्यावरच गेला. काका, तुमचे म्हणणे मला तेव्हा समजले.

पैसे बाजूला टाकण्याचा पहिला महिना पार पडत आला आहे. सासूबाईंच्या अर्जावर विमा कंपनीने होकार दिला आहे, सासऱ्यांचे कागद अजून तपासणीत आहेत आणि नव्या संस्थेच्या योजनेत ते दोघेही बसत नाहीत. राजीनाम्याचे पत्र लिहून ठेवले आहे. विमा कंपनीचे उत्तर आल्यावरच त्यावर तारीख घालीन.