तिरफळ, ह्वाज्याओ आणि जिभेला होतं ते: शब्द हवा आहे

रानजाई
एका प्रवासलेखाचं भाषांतर करते आहे. लेखिका चीनमधल्या चेंगदू शहरातल्या एका जुन्या खाणावळीत जेवायला बसली आहे. समोर मापो तोफू (सोयाबीनच्या पनीरचा तिखट पदार्थ), वर तेलाचा लाल तवंग आणि त्यावर ह्वाज्याओ या तिथल्या मसाल्याच्या दाण्यांची भाजून केलेली पूड. चव सांगताना तिने 'मा-ला' हा चिनी शब्द तसाच ठेवला आहे. 'ला' म्हणजे तिखट, तिथे अडचण नाही. 'मा' म्हणजे ह्वाज्याओमुळे ओठांना नि जिभेला जे होतं ते. मी 'जीभ बधिर झाली' लिहिलं. संपादकांनी ते खोडून 'झिणझिण्या आल्या' केलं. मला दोन्ही पटत नाही. बधिर झाल्यावर काही कळेनासं होतं, इथे तर ओठ जास्तच जागे होतात. आणि झिणझिण्या नकोशा असतात, तिथला माणूस 'मा' आवडीने मागून घेतो. जेवणाच्या ताटाशी शोभेल असा आपला शब्द आहे का?

पाटावरवंटा
ताई, शब्द नंतर बघू, वस्तू आपल्या घरात आहे. ह्वाज्याओ आणि आपलं कोकणातलं तिरफळ सख्खी भावंडं. एकाच वंशातली काटेरी झाडं, लिंबाच्या कुळातली. मिरीशी किंवा मिरचीशी दोघांचाही संबंध नाही. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं ठेचून टाकतात, आणि चुकून एखादं दाताखाली आलं की जे होतं तेच तुमचं 'मा'. माझी आजी त्याला 'जीभ चिमचिमता' म्हणायची. चिमचिम घ्या.

तळटीप
'चिमचिम' फार स्थानिक आहे. घाटावरच्या वाचकाला काय कळणार? शिवाय 'तिरफळ' हेही बोलीतलं रूप. लिहिताना 'त्रिफळ' असावं.

पाटावरवंटा
त्रिफळ लिहिलंत की वाचक हिरडा-बेहडा-आवळा घेऊन बसेल. आमच्याकडे कुणी त्रिफळ म्हणत नाही. तिरफळ, चिरफळ, आणि गोव्यात तेफळ. 'चिरफळ' हेच मूळ असं मला वाटतं, कारण वाळलं की फळ चिरतं आणि आतलं काळं बी दिसतं.

तळटीप
ही लोकव्युत्पत्ती झाली. 'त्रि'चं 'तिर' होणं सोपं आहे, 'चिर'चं 'तिर' कसं होईल ते सांगा.

कृष्णाकाठ
घाटावरच्यांना कळणार नाही असं समजू नका. आमच्याकडे शेताच्या बांधावर अक्कलकारा असतो. पिवळं बोंड चावलं की जिभेला चुणचुण सुटते, लाळ सुटते. दात दुखला की तेच दाढेखाली धरायचं. मी 'चुणचुण'ला मत देतो. खेड्यातल्या कुठल्याही मुलाला विचारा.

नदीपलीकडे
मी चेंगदूत नोकरीनिमित्त राहतो, म्हणून थोडं. 'मा' हे एकच चिन्ह बऱ्याच कामांना येतं. ताग-अंबाडीसारख्या धाग्यांच्या झाडांना तेच, हातपाय जड होण्याला तेच, भूल देण्याच्या शब्दातही तेच. आणि मापो तोफूतला 'मा'ही तोच, पण तिथे अर्थ देवीचे व्रण. 'मापो' म्हणजे तोंडावर व्रण असलेली म्हातारी. १८६२च्या सुमारास इथल्या एका पुलाजवळ चन घराण्याच्या खाणावळीत ती हे करायची असं सांगतात. तेव्हा लेखातल्या दोन 'मा'ची गल्लत होऊ देऊ नका.

मुख्य मुद्दा: इथे 'मा' ही तक्रार नसते. दुकानात ह्वाज्याओ घेताना दोन दाणे चावून बघतात आणि 'मा' पुरेसा नसेल तर पुढच्या दुकानात जातात. याच प्रांतातल्या हानयुआनचा ह्वाज्याओ एकेकाळी दरबारात नजराणा म्हणून जायचा. म्हणून शब्द आजारपणाचा नको, हे रानजाईंचं अगदी बरोबर आहे.

फोडणी
करंट लागल्यासारखं होतं, एवढं साधं लिहा ना! लंडनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये हे मोजलंय. लोकांच्या ओठांवर ह्वाज्याओ लावला, बोटाला यंत्राने कंपनं दिली आणि दोन्ही कधी सारखी वाटतात ते विचारलं. उत्तर आलं सेकंदाला सुमारे ५० कंपनं. आपल्या घरातली वीजही ५० हर्ट्झचीच. वाचकाला 'करंट' लगेच कळतं.

तळटीप
आणि 'विद्युत्प्रवाह' काय वाईट आहे?

फोडणी
जिभेला विद्युत्प्रवाह लागला असं आजवर कुठल्या मराठी माणसाने म्हटलंय?

कढीलिंब
लेखात चिनी हॉटपॉट, म्हणजे टेबलावरच्या उकळत्या रश्शात जिन्नस शिजवून खायचा प्रकार, असेल तर तिथेही सांभाळा. आपल्याकडे हॉटपॉट म्हणजे पोळ्या गरम ठेवायचा डबा. मी चोंगचिंग या चिनी शहराबद्दल एक मजकूर वाचला, त्यात 'सगळे हॉटपॉटभोवती बसून आतडी शिजवत होते' असं होतं. आईला वाचून दाखवलं तर ती चक्रावलीच.

नदीपलीकडे
चिनी शब्द 'ह्वोक्वो', म्हणजे आग आणि भांडं. चोंगचिंगचं खरं ह्वोक्वो गाईच्या चरबीत असतं, भांड्यात नऊ घरांची जाळी असते, आणि जनावराच्या पोटाचा पापुद्रा काड्यांत धरून सात वेळा वर, आठ वेळा खाली असा बुचकळतात. बुडवून सोडून दिला की वातड होतो.

तळटीप
'शेगडीहंडी' म्हणा.

कढीलिंब
हंडी म्हटलं की चिकन हंडी डोळ्यांसमोर येते. 'ह्वोक्वो'च ठेवा, वाचक शिकेल. आपण पिझ्झा शिकलोच.

कृष्णाकाठ
एवढं सगळं कशाला, मराठी माणसाला 'शेजवान चव' म्हटलं की कळतं.

नदीपलीकडे
काय कळतं? शेजवान चटणीत लसूण, लाल मिरची, व्हिनेगर. ह्वाज्याओचा एक दाणा नसतो. चेंगदूच्या प्रांताचं खरं नाव सिच्वान. इथले आचारी चवींचे चोवीस प्रकार मोजतात, मा-ला त्यातला फक्त एक. इथल्या मेजवानीत मान मिळतो तो 'उकळत्या पाण्यातल्या कोबी'ला. दिसायला नितळ पाणी, पण तो कोंबडीचा तासन् तास गाळत आणलेला रस्सा असतो. त्यात तिखटाचा लवलेश नाही. सिच्वान म्हणजे नुसता लाल जाळ ही समजूत शेजवाननेच पसरवली आहे.

कृष्णाकाठ
गाडीवर शेजवान खाणारी लाखो माणसं चुकीची आणि तुम्ही बरोबर, असं भाषेत होत नसतं. शेजवान हा आता मराठी शब्द आहे. त्याचा अर्थ चेंगदूत ठरत नाही, गाडीवर ठरतो.

नदीपलीकडे
गाडीवरच्या पदार्थापुरता मान्य. पण चेंगदूत बसून जेवणाऱ्या बाईच्या ताटाला तो लावू नका.

उखाणा
मूळ प्रश्नाकडे येते. आपला शब्द आहे, पण आपण तो दुसऱ्याला देऊन टाकला: झणझणीत. कान झणझणतात, थोबाडीत बसली की गाल झणझणतो, तार छेडली की झणझणते. सगळीकडे कंप आहे. फोडणी यांनी सांगितलेली ५० कंपनं हीच ती झणझण. मिरची तर जाळते, ती कंप पावत नाही. मिसळीला झणझणीत म्हणतो तेव्हा आपण जाळाला कंपाचा शब्द वापरतो. मी लिहीन: 'ओठ झणझणू लागले.' विशेषण नको, क्रियापद वापरा.

रानजाई
उखाणा, हे मला फार आवडलं. पण पुढच्याच वाक्यात 'ला' आहे आणि तिथे मी 'जाळ' लिहिलंय. वाचक 'झणझणू' वाचून आधीच कोल्हापूरला पोचला तर 'मा' आणि 'ला' दोन्ही तिखटच होतील. लेखिकेचा सगळा भर दोन्ही वेगळे असण्यावर आहे.

तळटीप
म्हणूनच नवा शब्द घडवावा लागतो. 'कंपरस' कसा वाटतो?

फोडणी
औषधाच्या बाटलीवरचा वाटतो.

पाटावरवंटा
रानजाई, 'तिरफळासारखं' एवढंच लिहून बघा. कोकणातल्या माणसाला पुढचं काही सांगावं लागणार नाही.

रानजाई
आणि ज्यांनी तिरफळ पाहिलंच नाही त्यांना?

पाटावरवंटा
त्यांनी खावं. कोकणातल्या आठवडी बाजारात मिळतं. फक्त बी काढून टाकायचं, ते कचकचतं. टरफलच घ्यायचं.

नदीपलीकडे
इथेही तसंच, काळं बी चाळून टाकतात.

कढीलिंब
आमच्याकडे मुगागाठीत, म्हणजे मोड आलेल्या मुगाच्या उसळीत, अख्खी टाकतात, बियांसकट, आणि जेवताना बाजूला काढतात. बी काढायचं कधी ऐकलं नाही. हे मालवणी आणि गोव्याचं वेगळं आहे का?

पाटावरवंटा
मालवणीतही घरोघरी वेगळं. पण बियांसकट वाटलंत तर सगळं वाटण कडू होतं, हे माझ्या आजीचं म्हणणं.

कढीलिंब
वाटतच नाही ना आम्ही, नुसती ठेचतो.