मदत हवी आहे: इन्युइट बालकथा मराठीत आणताना शब्द कसे ठेवावेत?

मायकेल कुसुगाक हे कॅनडाच्या आर्क्टिक भागातल्या इन्युइट या मूळ रहिवासी समाजातले बालसाहित्यिक. त्यांच्यावर मुलांसाठी मराठीत लेख करतोय. १९८८ मध्ये बालसाहित्यिक रॉबर्ट मन्श यांच्यासोबत 'अ प्रॉमिस इज अ प्रॉमिस', मग स्वतंत्र पुस्तकं. 'नॉर्दर्न लाइट्स: द सॉकर ट्रेल्स'ला बालसाहित्याचा १९९४ चा रूथ श्वार्ट्झ पुरस्कार. इथवर सोपं आहे.

अडतंय ते पहिल्या पुस्तकातल्या 'क़ल्लुपिल्लुइत'वर. समुद्राच्या बर्फाला तडे गेलेले असतात, तिथे एकट्या आलेल्या मुलांना हे प्राणी पाण्यात ओढतात. 'राक्षस' लिहिलं की तड्यापासून लांब राहा हा धाकच निघून जातो, म्हणून मूळ शब्दच हवा. पण त्यातला पहिला 'क' पडजिभेजवळून येतो. नुक्ता (अक्षराखालचा टिंब) दिला तरी मुलं साधा 'क'च वाचणार, मग नुक्ता ठेवावा की उच्चाराची ओळ आधीच द्यावी?

दुसरं, हा शब्द मुळातच अनेकवचनी आहे, त्यामुळे 'क़ल्लुपिल्लुइतांनी' म्हणजे दुहेरी अनेकवचन होतं. शिवाय इन्युइट लोकांच्या इनुक्तितुत भाषेत द्विवचनही आहे: एक इनुक (माणूस), दोन इनूक, तीन किंवा जास्त इन्युइट. संस्कृतमुळे हे समजावता येईल, पण विभक्ती यातल्या कोणत्या रूपाला लावू?

अनुवाद करणाऱ्यांनी कृपया एखादं वाक्य लिहूनच दाखवा.