प्रतिसाद: पन्नाशीनंतरचं कथक

"पन्नाशीनंतर चक्कर (गिरक्या) सोडा, बसून अभिनय करा" हा वरचा सल्ला अर्धाच पटतो. बैठकीचा अभिनय गुडघ्याला सोपा नसतो. गुडघा पूर्ण दुमडून दहा मिनिटं बसायचं आणि लयीत उठायचं, हे तत्कारापेक्षा (पायांनी ताल वाजवण्यापेक्षा) जड जातं. त्यापेक्षा बुटका चौरंग घ्या, प्रेक्षकांना खटकत नाही.

चक्कर सोडू नका, त्यांची जागा बदला. २७ 'धा'च्या चक्रदारात (एकच बोलरचना तीनदा, दर वेळी ९ 'धा') प्रत्येक 'धा'वर फिरायची गरज नाही. पहिले दोन पल्ले (आवृत्त्या) तत्कार आणि हस्तकांत (हातांच्या हालचालींत) घ्या, तिसऱ्यात ९ चक्कर. समेचा (तालाच्या पहिल्या मात्रेचा) ठसका तसाच राहतो. तोल जातो तो बहुधा नजर आणि मान उशिरा वळल्यामुळे, त्यामुळे रियाज आधी मानेचा. आणि सगळा भार डाव्या टाचेवर येतो, म्हणून ती दुखत असेल त्या दिवशी चक्कर नाहीत.

तत्कारात गुडघा ताठ लॉक केला की धक्का थेट सांध्यात जातो. किंचित सैल ठेवा. पायात १५० घुंगरं असतील तर रियाजाला १०० पुरे. पुण्यातल्या बऱ्याच क्लासांत काँक्रीटवर थेट शहाबादी किंवा टाइल असते, ती धक्का शोषतच नाही. त्यावर सतरंजी टाकणं तर आणखी वाईट, टाच अडकून गुडघा पिळतो.

रचना करताना द्रुताच्या (जलद लयीच्या) तुकड्यानंतर लगेच दुसरा द्रुत तुकडा नको. मध्ये गतनिकास ठेवा, दोन-तीन आवर्तनं (तालाचे फेरे) नुसत्या चालीची. दम तिथे परत मिळतो. विलंबित (संथ) तीनतालात मात्र वय फायद्याचंच, निवांत थांबता येतं, घाई नसते.