मॉड्युलर फोन: हवा तो भाग काढा-घाला, हे जमण्यासारखं आहे का?

गोदाकाठ (नाशिक)

माझा फोन साडेतीन वर्षांचा आहे. गेल्या आठवड्यात टेबलावर ठेवला तर भोवऱ्यासारखा गरगर फिरायला लागला. नीट बघितलं तर मागची काच एका कडेने उचललेली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, बॅटरी फुगलीय. बॅटरीचे १,८०० रुपये, काढताना काच फुटली तर तिचे वेगळे. त्यापेक्षा थोडे घालून नवाच घ्या ना." बाकी फोन ठणठणीत आहे हो! माझ्या पहिल्या नोकियाची बॅटरी मी नखाने काढायचे, फुंकर मारून परत बसवायचे.

हे भाच्याला सांगितलं तर त्याने एक जुना व्हिडिओ दाखवला. डेव्ह हॅकेन्स नावाच्या डच डिझायनरने २०१३ मध्ये 'फोनब्लॉक्स'ची कल्पना मांडली होती. फोन म्हणजे ठोकळे. बॅटरी जास्त हवी तर मोठा ठोकळा लावा, कॅमेरा नको तर काढून टाका, बिघडला तेवढाच बदला. मला तर ते बघून अगदी हेच हवं होतं असं वाटलं. मग असा फोन बाजारात का नाही? जमण्यासारखं नाही, की कंपन्यांना नको आहे?

बंदरावरचा मिस्त्री (रत्नागिरी)

ताई, आधी कामाचं. फुगलेला फोन चार्जिंगला लावू नका, आणि काच दाबून बसवायला जाऊ नका. बंद करून ठेवा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

मिरकरवाड्याजवळ माझं फोन दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, १४ वर्षं झाली. तुमच्या भाच्याला सांगा, फोन आतून ठोकळ्यांचाच असतो. खाली चार्जिंगचा सीसी बोर्ड, वर मदरबोर्ड, दोघांना जोडणारी पट्टी. कॅमेरा चिमट्याने उचलला की टिच् करून कनेक्टरवरून सुटतो. माझ्याकडे येतं ते बहुतेक तीनच कामांसाठी: फोल्डर (म्हणजे काचेसकट स्क्रीन) फुटला, बॅटरी गेली, सीसी बोर्ड गेला. "दादा, प्रोसेसर बदलून द्या" म्हणणारं गिऱ्हाईक आजवर एक आलेलं नाही. स्टोरेज वाढवून मागणारे येतात, पण ती चिप मदरबोर्डावर सोल्डर केलेली असते. ते काम मी घेत नाही.

अडतं ते गोंदापाशी. तुमचाच फोन धरा. हीटिंग प्लेटवर मागची बाजू गरम करायची, कडेने पातळ पिक सरकवत काच सोडवायची. कॅमेऱ्याभोवती आलं की श्वास धरायचा, काच तिथेच तडकते. खाली बॅटरी परत चिकटवलेलीच. काहीत ओढून काढायची पट्टी दिलेली असते, पण ती अर्ध्यात तुटते. मग अल्कोहोलचे थेंब सोडून वाट बघत बसायचं. बॅटरी फुगलेली असेल तर उचकटायला धातूचं काही लावायची माझी छाती होत नाही. शेवटी बी-७००० गम लावून रबरबँडात आवळून ठेवायचा. नुसती बॅटरी बदलायची म्हटली तर दहा मिनिटांचं काम, गोंदापायी दोन तास. तुमच्या १,८०० मध्ये ते दोन तास आहेत, दुकानदाराला उगाच नावं ठेवू नका. (नवा फोन विकायचा त्याचा डाव असेल, तो भाग निराळा.)

गोंद नसला तर पाणी शिरेल असं सांगतात. सॅमसंगचा गॅलेक्सी एस५ आला २०१४ मध्ये. झाकण नखाने निघायचं, आत रबरी कड, आणि तरी आयपी६७, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा. त्यांच्याच एक्सकव्हर७ मध्ये आज बॅटरी हाताने निघते आणि फोन आयपी६८ आहे. म्हणजे जमतं. फोन थोडा जाड होतो, इतकंच.

पण बाहेरून काढता-घालता येणारे ठोकळे म्हटलं की मला धडकी भरते. इथे खारा वारा. बोटीवरच्या पोरांच्या फोनचं चार्जिंग पोर्ट भिंगाखाली धरलं की पिनांवर हिरवा थर दिसतो. ब्रशने घासून देतो, दोन महिन्यांनी पोरगं परत हजर. एका पोर्टाची ही तऱ्हा. फोनला असे आठ जोड असले तर मी दुकानातच झोपायला हवं.

चिपवाला (पुणे)

मिस्त्रींना अनुमोदन. 'कंपन्यांना नको होतं' हे अर्धंच खरं आहे, कारण गुगलने प्रोजेक्ट आरावर बरीच वर्षं घालवली. एक धातूचा सांगाडा, त्यावर चुंबकांनी धरलेले ठोकळे. २०१५ मध्ये पोर्तो रिकोत चाचणी विक्री ठरली होती, ती रद्द झाली. २०१६ च्या मे महिन्यात त्यांनी नवं रूप दाखवलं, त्यात प्रोसेसर, स्क्रीन आणि अँटेना सांगाड्यातच पक्के! म्हणजे ज्यासाठी लोक टाळ्या वाजवत होते तेच गेलं. सप्टेंबरात प्रकल्पच बंद.

कारण साधं आहे. फोनमध्ये रॅमची चिप बऱ्याचदा प्रोसेसरच्या डोक्यावरच बसवतात. त्या दोघांना वेगळ्या ठोकळ्यांत घालून मध्ये कनेक्टर टाकलात की जागा जाते, वेग जातो, बॅटरी जास्त खाते. शिवाय प्रत्येक ठोकळ्याला आपलं कवच हवं. त्या कवचांच्या जाडीतच निम्मी बॅटरी मावली असती.

त्याच वर्षी एलजी जी५ आला. खालचा तुकडा ओढून कॅमेऱ्याची मूठ लावायची सोय होती, पण तुकड्याबरोबर बॅटरीही बाहेर यायची आणि फोन बंद पडायचा. फोटो काढायला मूठ लावा, फोन परत चालू होईपर्यंत पोर झोपाळ्यावरून उतरलेलं! मोटोरोलाचा मोटो झेड त्यामानाने शहाणा. पाठीवर चुंबकाने स्पीकर, प्रोजेक्टर चिकटवायचा. पण जुने मॉड (हे चिकटवायचे भाग) बसावेत म्हणून पुढच्या फोनची पाठ त्याच मापाची ठेवणं आलं. २०१९ च्या झेड४ नंतर तेही थांबलं.

कालव्याकाठी (उत्रेख्त)

मी फेअरफोन ३ वापरला आहे, घरीच स्क्रू काढून भाग बदलता येतात असा फोन. कंपनी ॲमस्टरडॅमची. २०१९ मध्ये ४५० युरोंना घेतला, तेवढ्यात त्याहून चपळ फोन मिळत होते हे कबूल. डब्यात चार्जर नव्हता, पण छोटा स्क्रू ड्रायव्हर होता! सायकलवरून पडून स्क्रीन फुटली तेव्हा जेवणाच्या टेबलावर बसून मीच बदलली. स्क्रू ठेवायला पोह्याची बशी घेतली होती. एक स्क्रू सापडेना, तो मुलीच्या मोज्यात निघाला.

२०२० मध्ये त्यांनी ३+ काढला आणि त्याचा ४८ मेगापिक्सेलचा कॅमेरा जुन्या ३ मध्ये बसेल असा सुटा विकला. फोनब्लॉक्सच्या स्वप्नातलं माझ्या हाताला लागलं ते एवढंच. फेअरफोन ४ चे भाग ३ ला बसत नाहीत. तरी मला ते पुरलं. भारतात मात्र तो अधिकृतपणे विकत नाहीत, त्यामुळे शुभांगीताईंना किंवा कुणालाच मागवा म्हणणार नाही. भाग कुठून आणणार?

इथे युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नव्या फोनांना नियम लागू झाला. मॉडेलची विक्री थांबल्यावरही ७ वर्षं मुख्य सुटे भाग मिळाले पाहिजेत.

गोदाकाठ

शुभांगी कोण हो? मी नाही! पण तिलाही मागवू नका म्हणून सांगेन.

कालव्याकाठी

माफ करा, दुसऱ्या धाग्यावरच्या ताई डोक्यात होत्या.

बंदरावरचा मिस्त्री

सात वर्षं भाग! आमच्याकडे दोन वर्षं जुन्या मॉडेलचा फोल्डर मुंबईहून मागवला की कॉपी येतो. उन्हात धरला तर काही दिसत नाही, आणि गिऱ्हाईक मला शिव्या देतं. मला ठोकळे नकोत. चार स्क्रू आणि खरा पार्ट द्या, बाकी मी बघतो.

गोदाकाठ

काल बॅटरी बदलून आणली. दुसऱ्या दुकानात, १,४५० रुपये. कॅमेऱ्याशेजारी काच तडकलीच, मिस्त्रींनी सांगितलं होतं त्याच जागी. कव्हर घातलं की दिसत नाही. जुनी बॅटरी त्याने दाखवली, उशीसारखी टम्म झाली होती. टेबलावर फोन आता फिरत नाही.